दोन हिसके

रोपवालीच्या दारात पुरुषाच्या बुटांचा एक जोड कायम असे. दहा नंबरचा, तपकिरी, टाचेला झिजलेला. सकाळी तो उंबऱ्याच्या डाव्या अंगाला असे, संध्याकाळी उजव्या. कधी एक बूट आडवा पडलेला, जणू आत्ताच कुणी दमूनभागून आला आणि पाय झटकून आत गेला. प्रत्यक्षात त्या घरात दहा नंबरचा पाय गेल्या सहा वर्षांत पडला नव्हता. नवरा 'आलोच' म्हणून गेला तो गेलाच, आणि जाताना स्वतःच्या चपला घालून गेला. तेवढं शहाणपण त्याच्यापाशी होतं. हे बूट तिने आठवडी बाजारात जुन्यापुराण्याच्या ढिगातून उचललेले. एकट्या बाईच्या दारात पुरुषाचं पायताण दिसलं की वाकड्या नजरेची माणसं दोन पावलं लांबून जातात, असं तिचं मत. कुत्रं पाळलं तर त्याला खायला घालावं लागतं. बूट उपाशीपोटी राखण करतात.

तिला एक मुलगी होती, नऊ वर्षांची. शाळेच्या हजेरीत तिचं नाव काहीही असो, सगळे तिला 'चौकशी' म्हणत. जन्मली तेव्हा रडण्याआधी तिने इकडेतिकडे पाहून 'हे कोण?' असं विचारलं असावं. आईला तिचा एकच धाक होता, की ही पोरगी कुणाला काय सांगून बसेल याचा नेम नाही.

घरामागे हिरव्या जाळीखाली रोपवालीची रोपवाटिका. ट्रेच्या खोबणीत बी टाकायचं, झारीने पाणी शिंपायचं, आणि पंचविसाव्या दिवशी रोप दुसऱ्याच्या हवाली करायचं. येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला ती 'भाऊ' म्हणे. भाऊ म्हटलं की व्यवहार सरळ राहतो आणि डोळेही.

या भावांमध्ये एक कोबीवाला होता. मोठ्या हाडाचा, कमी बोलणारा. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या तापात गेली होती. मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि बायकोची आई, अशी दोघंच. लेक गेल्यावर सासूने जावयाकडे राहावं का, यावर गावात पुष्कळ मतं होती. म्हातारी म्हणे, "लेक इथे गेली, मी कुठे जाऊ? आणि याला भात शिजला की करपला हे वासावरून कळत नाही. लेकीच्या मागे जावयालाही पोचवू का?"

कोबीवाल्याच्या शेताला मधोमध पाठीवरच्या कुबडासारखा उंचवटा होता. या टोकाचा माणूस त्या टोकाला दिसत नसे, आणि वाऱ्यामुळे हाकही पोचत नसे. लावणी करायची तर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणायची, दोरीच्या गाठी बघून रोपं लावायची, ओळ संपली की दोरी काठीभर पुढे सरकवायची. नवराबायको दोन टोकांना असत, आणि बोलणं चाले ते दोरीतून. दोन हिसके म्हणजे 'मी तयार.' तीन म्हणजे 'भूक लागली, ये.' एकच लांब ओढ म्हणजे 'थांब.' सगळ्या संसाराला हे तीन शब्द पुरले होते. पुष्कळांना हजार पुरत नाहीत.

बायको गेल्यावर पलीकडच्या टोकाला खुंटी आली. इकडची ओळ लावायची, उंचवटा चढून उतरून पलीकडे जायचं, खुंटी सरकवायची, पुन्हा परत. दुप्पट पायपीट. त्यातही परत आल्यावर तो दोरीला दोन हिसके देई, आणि थोडा वेळ थांबे. मग वाकून कामाला लागे. गावातली माणसं म्हणत, "खुंटी काय उत्तर देणार आहे त्याला?" पण हे ती हळू आवाजात म्हणत, आणि ऊन कलल्यावर त्या बांधावरून जाणं टाळत. ताणलेली दोरी वाऱ्यावर गुणगुणते, आणि त्या शेतातली जरा जास्तच गुणगुणते, असं सगळ्यांचं म्हणणं.

त्या दिवशी शाळेला सुटी होती. रोपवाली तीनचाकीत ट्रे भरून पलीकडच्या टोकाला आली, कारण रस्ता तिकडूनच होता. पंपाच्या खोलीच्या सावलीत तिने ट्रे उतरवले. खुंटी ढिली होऊन एका अंगाला कलली होती, तिला नीट बसवायला ती वाकली. तेवढ्यात दोरी तिच्या तळव्यात हलली.

एकदा. दोनदा.

रस्त्यात कुणी हात उंचावला की आपलाही हात आपसूक वर जातो. ओळख आहे की नाही, ते मागाहून ठरतं. तसाच तिच्या हाताने उलट हिसका दिला. एक. दोन. मग तिला भान आलं.

पलीकडे सगळं थांबलं. आणि मग दोरी थरथरू लागली. ओढ नव्हे, हिसका नव्हे. लांब कुठेतरी एक माणूस दोरी धरून कापत होता, आणि ते कापणं गाठीगाठीवरून चालत तिच्या बोटांपर्यंत येत होतं.

"आई, मासा लागला का गं?" चौकशीने विचारलं.

"चल इथून."

"मग कोण ओढतंय?"

"वारा. चल म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी कोबीवाला रोपवाटिकेत आला. दाढी केलेली, शर्टाची बटणं पहिल्यापासून शेवटपर्यंत आपापल्या घरात. दोन वर्षांत हे गावाने पाहिलं नव्हतं. तो बराच वेळ झारीकडे बघत उभा राहिला.

"तुम्हाला सांगतो," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. तुम्ही हसणार नाही. तुम्हालाही वाट बघणं माहीत आहे." आणि दारातल्या बुटांकडे त्याने आदराने पाहिलं. "काल तिने उत्तर दिलं."

आत्ता सांगून टाकावं, 'भाऊ, ती मी होते.' चार शब्द. ते तिच्या जिभेवर आलेही होते. पण त्याच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी दिवा लागला होता, आणि तो फुंकायला जो श्वास लागतो तो तिच्याकडे नव्हता.

"ट्रे कधी पोचवू?" तिने विचारलं. 'भाऊ' म्हणायचं राहून गेलं. तिच्या ते लक्षात आलं, आणि कान गरम झाले.

मग ती जात राहिली. रोज ऊन कललं की ट्रे घेऊन जायची, पंपाच्या खोलीमागे तीनचाकी लावायची, आणि खुंटीपाशी बसायची. दोन हिसके येत, दोन जात. नुसतं उत्तर देणाऱ्या आणि काम न करणाऱ्या भुताची लाज वाटून ती आपल्या बाजूची रोपं लावू लागली, आणि ओळ संपली की खुंटीही सरकवू लागली. काठीने मोजून, सरळ. कोबीवाल्याची निम्मी पायपीट वाचली. ट्रे तो सकाळी उचलून नेई, पण ऊन कलल्यावर पलीकडे आलाच नाही. आपण गेलो तर ती जाईल, असं त्याला वाटत असावं.

सहा वर्षांत तिचं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. बोलणं काय, तर दोनदा ओढणं. पण त्याची ओढ कधी थकलेली असे, कधी हसरी, आणि तिला ते कळे. घरी ताट वाढताना तिची मूठ आपोआप मिटे. पण यातला एकही हिसका तिच्यासाठी नव्हता, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या बाईच्या नावाची पत्रं उघडून वाचावीत, आणि वर तिच्याच अक्षरात उत्तरं लिहावीत, असा तो प्रकार होता. उंचवट्यावर, जिथे दोरी आकाशाला टेकल्यासारखी दिसे, तिथे कुणीतरी बसून दोघांचं बोलणं ऐकतंय असं तिला वाटू लागलं. ती तिकडे बघायची टाळे. आणि न बघितल्यावर पाठीत जास्त जाणवे.

"आई, आपण रोज भुताला रोपं का देतो?" चौकशीने एकदा विचारलं.

"कुणी सांगितलं भूत म्हणून?"

"सगळे म्हणतात. भूत आता खुंटीपण सरकवतं म्हणे. मी त्यांना सांगितलं नाही, ते तू आहेस म्हणून." थोडं थांबून ती म्हणाली, "अजून तरी नाही."

सहाव्या दिवशी ती अशीच दोरी धरून बसली होती. दोन हिसके आले. तिने दोन दिले. तेवढ्यात मागे पावलं वाजली.

रस्त्याच्या बाजूने कोबीवाला आला होता. हातात उन्हाची एक टोपी, गवती, रुंद काठाची, कडेला निळी पट्टी. बायकोची. रोज उन्हात बसते, डोकं दुखेल, म्हणून खुंटीवर ठेवून हळूच निघून जायचं, एवढाच त्याचा बेत होता.

त्याने तिला पाहिलं. तिच्या हातातली दोरी पाहिली. तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत तिला दुसरंच काही सुचलं.

"तुम्ही इथे आहात," ती म्हणाली.

"दिसतोय ना."

"मग आत्ता तिकडून कोणी ओढलं?"

दोरी पुन्हा हलली. तीनदा. त्याच्या डोळ्यांदेखत.

दोघं उंचवटा चढले, एकमेकांकडे न बघता, वाकून, स्वतःच्याच शेतात चोरासारखे. वरून दोन्ही टोकं दिसत होती. घराकडच्या टोकाला म्हातारी बसली होती. जावयाचा डबा बाजूला ठेवलेला, दोरी दोन्ही हातांत धरलेली. ती दोरीशी बोलत होती. वारा त्यांच्या दिशेने होता म्हणून शब्द पोचत होते.

"जेवलीस का गं? तीनदा ओढलं की मी. ये ना. तिकडे जेवायला देतं का कुणी?"

कोबीवाला मातीत बसला. त्याने विचारलं, "तुम्ही कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मला सांगायचं."

"सांगायचं होतं. रोज सांगायचं होतं."

"मी एकवेळ सावरेन," तो म्हणाला. "दोन वर्षं सावरतोच आहे. पण त्यांना कोण सांगणार? तुम्ही की मी?" खाली म्हातारी वाट बघत होती, तोंड वर करून. त्याने मान फिरवली. "खाली जा. उत्तर द्या त्यांना."

ती खाली गेली. टोपी त्याने निघतानाच खुंटीवर टांगली होती. तिच्या डोक्याला ती लागू नये म्हणून ती अंग चोरून बसली, आणि तिने दोरी ओढली.

त्यानंतरचे चार दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात विचित्र दिवस. आता घराकडचं टोक रोज म्हातारीच धरे. कोबीवाला मुकाट्याने रोपं लावत पुढे सरके. ओळ संपवून रोपवालीच्या बाजूला आला की नजर जमिनीत ठेवून परत जाई. एकदा दोघांनी एकाच ट्रेला हात घातला, आणि दोघांनीही तो असा मागे घेतला की ट्रे पालथा झाला. रोपं वेचताना त्यांची डोकी जवळ आली. "लागलं?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली. चार दिवसांतलं बोलणं ते एवढं.

तिची पंचाईत अशी, की तिला तो हवा होता. हे आता स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता. पण तिने एक पाऊल पुढे टाकलं, की म्हातारीची लेक दुसऱ्यांदा मरणार होती. आणि टाकलं नाही, तर तिने स्वतःच मेलेली होऊन त्या खुंटीपाशी जन्मभर बसायचं.

मंगळवारी एक गोष्ट घडली. तिने ओळ सरकवली, दोरी हातात घेतली, आणि पलीकडून काही यायच्या आधीच तिच्या हाताने दोन हिसके दिले. घाईघाईचे, चिडखोर, 'आटपा की' असे. असं ती कधीच ओढत नसे. हात तिचा होता, पण घाई तिची नव्हती. खुंटीवरची टोपी वाऱ्याशिवाय हलत होती. तिने दोरी सोडली आणि तळवा पदराला पुसला, पुसतच राहिली.

मग लावणी थांबली. एक दिवस गेला, दोन गेले. शेवटचे अठरा ट्रे जाळीखाली पडून राहिले. कोबीचं रोप ट्रेमध्ये फार राहिलं की मुळं खोबणीतच गोल गोल फिरतात, आणि मग कुठेही लावा, गड्डा धरत नाही. ती रोज त्यांना पाणी देई आणि मुळांकडे बघून, ही आपल्यालाच बोलतायत, असं तिला वाटे.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आली. एकटी, काठी टेकत. बुटांसमोर उभी राहिली.

"नवरा आला वाटतं तुझा."

"नाही, आजी."

"मग परवा आमचा जावई इथे आला होता, तो यातला एक बूट आत्ताच काढल्यासारखा आडवा पडलेला बघून दारातून का परतला? येऊन म्हणाला, 'तिचं माणूस घरी आलंय.' जेवलाही नाही. कोबी वाळत चाललाय, आणि हा छताकडे बघत पडलाय."

रोपवालीच्या हातातली झारी कलली आणि पायावर पाणी सांडत राहिलं. ती काही बोलायच्या आत चौकशी बाहेर आली.

"ते बूट कुणाचेच नाहीत, आजी. बाजारातले आहेत. आई रोज त्यांची जागा बदलते. मी एकदा बदलली तर ओरडली, म्हणाली बाबा सकाळी उजव्या बाजूला नाही काढत बूट. मी म्हटलं, कुठले बाबा?"

म्हातारीने बुटांकडे पाहिलं, मायलेकींकडे पाहिलं, आणि हसली. हसता हसता ओट्यावर बसली.

"म्हणजे तू बूट सरकवतेस आणि मी दोरी ओढते. बरी जमली जोडी. अगं, मला काय कळत नव्हतं?"

"आजी..."

"ऐक. दोरी हातात घेतली त्याच दिवशी कळलं. तू थांबतेस. माझं ओढून होईपर्यंत थांबतेस, मग उत्तर देतेस. माझी लेक जन्मात कुणासाठी थांबली नाही. सातव्या महिन्यात आली, आणि गेली तीही घाईतच. मी एक शब्द बोलायच्या आत तिचं उत्तर तयार."

"मग तुम्ही रोज का येत होता?"

"उत्तर येत होतं म्हणून!" म्हातारी जवळजवळ ओरडली. मग तिचा आवाज खाली आला. "दोन वर्षं त्या घरात मी बोलते आणि भिंती ऐकतात. तो तर भिंतीहून मुका. कुणाचा का हात असेना, पलीकडे कुणीतरी होतं." ती थांबली. "मंगळवारी मात्र एकदा हिसका आला, माझ्या आधीच. तो तुझा नव्हता."

रोपवालीने तळवा पदरात लपवला. "नव्हता," ती म्हणाली.

चौकशीनेसुद्धा काही विचारलं नाही, यावरून काय ते समजावं.

"येऊन गेली," म्हातारी म्हणाली. "तिला तेवढंच जमायचं. एका जागी बसवत नसे." मग काठीने तिने बूट आपल्याकडे ओढले. "हे मला दे. कोबीला पाखरं फार आहेत, बुजगावण्याला होतील. आणि आज ऊन कललं की ये. पण रस्त्याच्या बाजूने चोरासारखी नको. माझ्या दारावरून ये, घराकडच्या टोकाला."

"ते काय म्हणतील?"

"'ते'!" म्हातारीने तिच्याकडे तिरकं पाहिलं. "परवापर्यंत तुझा भाऊ होता. आता 'ते' झाले का? त्याला मी पलीकडे पाठवते. ट्रे उतरवून घे म्हणून."

ऊन कललं तेव्हा रोपवाली म्हातारीच्या दारावरून शेतात आली. येताना अठरा ट्रे तिने पलीकडे उतरवले होते आणि तोंड न दाखवता वळसा घालून आली होती. ओट्यावर म्हातारी चौकशीच्या वेण्या घालत होती, आणि चौकशी तिला, माणूस मेल्यावर दात कुठे जातात, ते विचारत होती. दोरी ताणलेली होती. घराकडच्या टोकाची खुंटी घट्ट रोवलेली. रोपवालीने दोरीवर हात ठेवला.

दोन हिसके आले. हळू, सवयीचे, उत्तराची अपेक्षा नसलेले. म्हातारी पलीकडे धरून बसली असेल, एवढंच त्याला वाटत असणार.

तिने दोन दिले नाहीत. एकच लांब ओढ दिली. थांब.

आणि ती निघाली. दोरीवरून हात सरकवत, एक एक गाठ मोजत, उंचवट्याकडे. उंचवट्यावर पोचली तेव्हा वारा पडलेला होता, पण दोरी तरीही गुणगुणत होती. तिथे, जिथे कुणीतरी बसलंय असं तिला रोज वाटे, तिथे नुसती सुकलेली माती होती आणि एका टाचेएवढी दबलेली जागा.

तेवढ्यात मागून दोरी हलली. दोनदा. घाईघाईने, 'आटप की' असं.

तिने वळून पाहिलं. खुंटीपाशी कुणी नव्हतं. ओट्यावर म्हातारीचे दोन्ही हात चौकशीच्या केसांत होते.

रोपवाली पळाली नाही. तिने मागच्या बाजूला दोन हिसके दिले, जितक्या नीटपणे देता आले तितके, आणि म्हणाली, "हो गं बाई, चाललेय." मग दोरीची पुढची गाठ धरून ती उतरू लागली.

खाली कोबीवाला उभा होता. एका हातात दोरी, शेजारी खुंटी, खुंटीवर निळ्या पट्टीची टोपी. उंचवट्यावरून कोण उतरतंय ते बघत तो हलायचंच विसरला. मग त्याची नजर तिच्या पावलांकडे गेली.

"ओळीतून नको," तो म्हणाला. "रोपं आहेत. कडेने."

ती कडेने आली. त्याच्यासमोर उभी राहिली. कपाळावर घाम, केस विस्कटलेले. त्याचा हात टोपीकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि टोपी तिथेच राहिली.

"तुमचं माणूस..." त्याने सुरुवात केली.

"ते बूट तुमच्या बुजगावण्याला दिलेत."

त्याला ते समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने दोरीचं टोक तिच्या हातात दिलं, आणि ट्रेमधलं पहिलं रोप सोडवायला वाकला. वाकल्या वाकल्या, वर न बघता म्हणाला,

"उद्या येताना स्वतःची टोपी घेऊन ये."